इझाबेलची मऊ बिस्किटं

मरायच्या दिवशी सकाळी इझाबेलनं आपल्या थोरल्या जावेला, रिटाला, भर अंगणात सुकलेली घोरपड म्हटलं. संध्याकाळी माफी मागायला ती उरलीच नाही. उरली असती तरी मागितली नसती, हे अख्ख्या उमराळ्याला माहीत आहे, आणि रिटाला तर सगळ्यात जास्त.

भांडण बिस्किटांवरून. दुसऱ्या कशावरून त्या दोघी कधी भांडल्याच नाहीत. घराची वाटणी झाली, मधे भिंत उभी राहिली, तेव्हा नाही भांडल्या. विहिरीवरून नाही, नारळांवरून नाही. पण नाताळ आठवड्यावर आला, नाक्यावरच्या बेकरीत घराघरातून बिस्किटांचे पत्रे भाजायला जायला लागले, की दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्याच म्हणून समजा.

"यंदा पण मधच घातलास?" रिटानं पलीकडून वास घेतला.

"घातला. तुझ्या बापाचं काय गेलं?"

"बापाचं काय जानार? शेवटी शेवटी त्याच्या तोंडात एक दात नव्हता, त्याला तुझीच बिस्किटं आवडायची. म्हनायचा, चहात बुडवायची पन गरज नाय."

"ए सुकलेल्या घोरपडी, या नाताळला बघ तू! असं कुरकुरीत होईल ना, तू चावलंस की भाऊला पन ऐकू जाईल."

भाऊ म्हणजे फर्डिनंड, रिटाचा नवरा. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यानं ऐकायची इच्छा नाही. जवानीत तो लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा आणि त्याचा धाकटा भाऊ सिप्रियन, म्हणजे इझाबेलचा नवरा, त्याच्या कानाला लागून ट्रम्पेट फुंकायचा. आळीत गटाराचं काम चाललं होतं तेव्हा दारात मशीन येऊन सगळा रस्ता फोडून गेलं, फर्डिनंड व्हरांड्यात बसून पेपर वाचत होता. मग उठून म्हणाला, "रस्ता कोनी खोदला?"

"यांना ऐकू गेलं," रिटा म्हणाली, "तर तुझा पत्रा डोक्यावर घेऊन मी आळीभर फिरेन. दारोदार. सांगेन सगळ्यांना, घ्या, माझ्या जावेनं केलीत."

"सगळ्यांनी ऐकलं हां! माघार घेशील तर बघ!"

ऐकायला तिथं एक मांजर आणि फर्डिनंड होता. पण शब्द तो शब्द.

आता ही बिस्किटं काय होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल दोन म्हाताऱ्या मैद्यावरून काय एवढ्या मरत होत्या.

इझाबेल अर्नाळ्याची. बापाची होडी, आई बोंबील सुकवायची, आणि घरातल्या सगळ्यांचा आवाज समुद्राच्या वर जायचा. लग्न होऊन आली ती वाडीवाल्यांच्या घरात. यांची मोगऱ्याची वाडी, केळी, पानवेल. माणसं हळू बोलणारी. रिटा तर तेव्हा इतकी नाजूक, की कांदा कापायचा तर ओढणीनं नाक झाकून. पहिल्या नाताळला इझाबेल म्हणाली, मी पण नानकटाई करते. रिटा हसत हसत म्हणाली, "कर गो. पन तुझ्या हाताला बोंबलाचा वास हाय, मग आपन ती नानकटाई तळायची का भाजायची?"

सगळे हसले. सासू पण हसली. सिप्रियन हसला नाही, पण तो तेव्हा जेवत होता.

इझाबेल रडणाऱ्यातली नव्हती. ती वाडीत गेली. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडून दादरला जायच्या. गिऱ्हाईकाला कळीच लागते. जी कळी खुडायची राहिली आणि उमलली तिला कोणी विचारत नाही, ती झाडाखाली पडून तपकिरी होते. ही उमललेली फुलं इझाबेल ओंजळीनं आणायला लागली. सिप्रियननं आंब्यावरचं पोळं काढलेलं, त्याचा मध घरात होता. त्या मधात फुलं टाकायची, दुसऱ्या दिवशी काढायची, ताजी टाकायची. उन्हाळाभर तेच. पावसाळ्यापर्यंत बाटलीचं बूच काढलं की घरात लग्न असल्यासारखा वास. मग नाताळला तो मध मैद्यात, रव्यात, तुपात, आणि वर गावठी गुलाबाच्या सुकवलेल्या पाकळ्या चुरून.

वासाला तोड नव्हती. पुढच्या नाताळला रिटानं पहिलं बिस्किट नाकाला लावलं आणि परत परत लावत राहिली. इझाबेल कमरेवर हात ठेवून समोर उभी. मग रिटानं ते तोंडात टाकलं, चावलं, आणि तिच्या चेहऱ्यावर दिवाळी आली.

"मऊ हाय गो," ती म्हणाली.

बस. तेवढ्या एका शब्दावर पुढची सगळी वर्षं गेली.

कारण मध. मधाची बिस्किटं भट्टीतून काढली की कडक लागतात, आणि थंड झाली की लोळायला लागतात. त्यातून वसईची हवा, खारी, ओली. डब्यात ठेवली तरी दुसऱ्या दिवशी नवऱ्यासारखी मऊ. बेकरीवाला व्हिन्सेंट दरवर्षी सांगायचा, "काकी, मध सोड, साखर घाल. कुरकुरीत झाली नाय तर मिशी काढीन."

"तुझी मिशी गेली तर तुझ्यात उरनार काय?" इझाबेल म्हणायची. "साखर सगळेच घालतात."

तिनं रवा वाढवून पाहिला. तूप कमी करून पाहिलं, तेव्हा बिस्किटं मऊ आणि घशात अडकणारी झाली. एकदा चुन्याची निवळी घातली, कोणीतरी सांगितलं म्हणून. त्या वर्षी ज्यांनी खाल्ली त्यांनी नवीन वर्ष संडासात काढलं, आणि रिटा जानेवारीभर प्रत्येकाच्या तब्येतीची चौकशी करत फिरली.

सिप्रियन गेला त्या वर्षी वाटलं, आता इझाबेल नाही करायची. पण डिसेंबर लागला आणि हिनं त्याच्या बँडच्या कोटाचं पितळी बटण कात्रीनं कापून घेतलं. बेकरीत सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत जातात, म्हणून प्रत्येक घर आपल्या बिस्किटावर आपली खूण दाबतं. रिटाची काट्याच्या चार रेघा. कोणाची किल्ली, कोणाचं बाटलीचं बूच. इझाबेलची खूण तोवर अंगठा होती. त्या वर्षापासून बटण. बटणावर छोटा नांगर होता, होडीचा. रिटा म्हणाली, "बिचारा जिवंत होता तेव्हा त्याला बोलू दिलं नाय, आता बिस्किटावर दाबते." आणि मग आपल्या घरात जाऊन बराच वेळ कांदा कापत बसली. कांदा घरात नव्हता.

सिप्रियनचं आंब्याचं झाडही गेलं, तिथं बिल्डिंग झाली. मधमाश्या काय करतील? त्या पण बिल्डिंगीत गेल्या. गोखिवऱ्याला एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्याच्या बाल्कनीखाली हे एवढं पोळं धरलंय, असं एका रिक्षावाल्यानं इझाबेलला सांगितलं. ही गेली. काखेत पातेलं, पिशवीत नारळाची सोडणं. वॉचमन जेवत होता तेवढ्यात वर. ज्यांची बाल्कनी ते घरात नव्हते, शेजारच्यांनी हिला मोलकरीण समजून आत घेतलं. हिनं सोडणं पेटवून धूर केला आणि अख्खी बिल्डिंग आग लागली म्हणून जिन्यावरून खाली. कोणी टॉवेलवर, कोणी हातात टीव्हीचा रिमोट घेऊन.

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रहास, कोकणातले, मुंबईला बँकेत नोकरी. ते खालून ओरडले, "ओ बाई! काय चाललंय? आम्ही औषध मारायला माणूस बोलावलाय!"

"औषध मारशील तर हे पोळंच तुझ्या डोक्यावर घालीन!" वरून उत्तर.

पोळं घालावं लागलं नाही. माश्या स्वतःच खाली गेल्या आणि सेक्रेटरीसाहेबांच्या ओठाला एक, कानाला एक. इझाबेल पातेलं घेऊन उतरली, त्यांना पायरीवर बसवलं, काटे नखानं काढले आणि चुना लावला. "ओठ सुजेल," म्हणाली, "बायको खूश होईल." चंद्रहास ओठ सुजलेला असूनही हसले. तेव्हापासून पोळं धरलं की त्यांचाच फोन, "मावशी, पाहुण्या आल्यात." आणि नाताळला त्यांच्या घरी डबा. पहिल्या वर्षी त्यांनी अगदी मनापासून सांगितलं, "मावशी, काय मऊ लुसलुशीत झालीत हो!" पुढच्या वर्षी डबा गेला नाही. का गेला नाही ते त्या भल्या माणसाला कोणीतरी नंतर समजावलं.

तर अशी ती बिस्किटं. आता त्या दिवसाचं.

दुपारी इझाबेल पत्रा घेऊन बेकरीत गेली. पाव निघाले की भट्टीतले निखारे ओढून काढतात आणि मग घरच्या पत्र्यांचा नंबर लागतो. इझाबेलचा पत्रा सगळ्यात शेवटी, कारण मध लवकर करपतो. बाकीच्या बायका पत्रा ठेवून घरी जायच्या. इझाबेल जायची नाही. भट्टीसमोर एक बाकडं होतं, त्याच्यावर बसून ती व्हिन्सेंटचा धंदा चालवायची.

"तो पत्रा फिरव. एका बाजूनं लाल झालाय."

"काकी, बाप गेल्यापासून मी भाजतोय."

"तुझ्या बापाला पन मीच सांगत होती."

व्हिन्सेंटनं तिचा पत्रा लांब दांड्यानं आत सरकवला. झाल्यावर काढला. तिनं एक उचललं, फुंकर मारली, गार होऊ दिलं. चावलं. बराच वेळ चावत राहिली. तिचा चेहरा बघून व्हिन्सेंटला पण वाईट वाटलं.

"मऊ हाय रे," ती म्हणाली. "परत घाल आत."

"भट्टी विझत आली काकी, आता काय..."

"घाल म्हनते ना!"

त्यानं पत्रा आत कोपऱ्यात सारला आणि भट्टीचं तोंड लोखंडी झाकणानं बंद केलं. वळून हिशेबाला बसला. मागून काही आवाज नाही. इझाबेल गप्प बसली आहे म्हणून त्यानं आधी मनातल्या मनात पवित्र मारियेचे आभार मानले. मग पाव मोजताना त्याची चूक झाली तरी मागून कोणी बोललं नाही, तेव्हा मात्र त्यानं वळून पाहिलं.

ती बाकड्यावर भिंतीला टेकून बसली होती. डोळे भट्टीवर.

त्यानं आरडाओरडा केला, रिक्षा आणली, दुकान उघडं टाकून तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, बाई रस्त्यातच काय, बहुतेक तिथं बसल्या बसल्याच गेल्या.

संध्याकाळी चर्चची घंटा वाजली. मयताची घंटा वेगळी असते, एक ठोका, मग थांबून एक. रिटा मागच्या दारी मासे साफ करत होती. तिनं मान वर केली आणि नेहमीच्या सवयीनं भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "इझाबेल! घंटा कोनाची गो?"

कारण कोण गेलं, कशानं गेलं, शेवटी कोणाला शिव्या दिल्या, हे सगळ्यात आधी इझाबेलला कळायचं.

रिटा म्हणाली, "बसली असेल बेकरीत, त्या गरीब व्हिन्सेंटचं डोकं खात," आणि परत मासा हातात घेतला. मग पुढच्या दारात माणसं आली.

मयताला सगळं उमराळं, अर्नाळ्याहून टेम्पो भरून तिचं माहेर, आणि गोखिवऱ्याहून चंद्रहास. नवीन आलेले फादर वेदीवरून म्हणाले, आपली भगिनी इझाबेल ही शांत आणि नम्र स्वभावाची होती. चर्चमध्ये एकदम सगळ्यांना खोकला झाला. अर्नाळ्याचे तर बाहेर जाऊन खोकून आले. रिटा खोकली नाही आणि रडली पण नाही. शवपेटीजवळ उभी राहिली तेव्हा लोकांना वाटलं, आता फुटेल. ती वाकून एवढंच म्हणाली, "घोरपड कोन ते आता सांग."

व्हिन्सेंटनं दुखवटा म्हणून बेकरी बंद ठेवली. चार लोकांनी वाहवा केली आणि बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. नाताळ तोंडावर, घराघरात पीठ मळून तयार आणि भट्टी बंद. शेजारची एडवर्डची आई तर मयतावरून परत येताना म्हणालीच, "बाई गेली ती गेली, आमचा मैदा पन आंबवून गेली."

मातीच्या दुसऱ्या दिवशी व्हिन्सेंटनं भट्टी पेटवायला म्हणून झाकण काढलं. आत कोपऱ्यात पत्रा. त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं. हात लावला, जाड विटांनी धरून ठेवलेल्या उबेत पत्रा अजून कोमट होता. बिस्किटं गर्द तांबूस, गुलाबाच्या पाकळ्या काळपट, प्रत्येकावर सिप्रियनचा नांगर. व्हिन्सेंटला खायचं धाडस झालं नाही. मेलेल्या बाईच्या मालाला हात लावायचा, आणि तो पण या बाईच्या? त्यानं वर पेपर टाकला, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि संध्याकाळी नेऊन दिला.

इझाबेलच्या घरात तेव्हा रोजरीची प्रार्थना चालू होती. शेजारपाजारचे खाली चटयांवर, चंद्रहास एका कोपऱ्यात हात जोडून. त्यांना प्रार्थना येत नव्हती, पण ओठ हलवत होते. फर्डिनंड भिंतीला टेकून, डोळे मिटलेले. तो प्रार्थना करतोय का झोपलाय हे देवाला ठाऊक. एडवर्डची आई पुढे म्हणत होती, बाकीचे मागून.

व्हिन्सेंट दारात चपला काढून वाकत वाकत आत आला आणि पत्रा रिटाच्या पुढ्यात ठेवला.

"काय हे?" रिटा पुटपुटली.

"काकीचा. भट्टीत राहिला होता तसाच. करपला असेल."

"ती गेल्यापासून आत?"

"आतच. झाकन लावून."

रिटानं पेपर उचलला. मोगऱ्याचा वास खोलीभर झाला. मागच्या उन्हाळ्यातला, इझाबेलनं ओंजळीनं आणलेला. प्रार्थना म्हणणाऱ्यांचा सूर जरा डगमगला, मग सावरला.

दुखवट्याच्या घरातून नाताळचं ताट बाहेर जात नाही. शेजारची ताटं आत येतात, आपलं जात नाही. म्हणजे ही बिस्किटं आता कोणाकडे जाणार नव्हती. रिटानं एक उचललं. बटणाच्या खुणेवरून अंगठा फिरवला. तिला रडू यायला लागलं. ते इतक्या लोकांसमोर बाहेर येऊ नये म्हणून काहीतरी तोंडात घालायला हवं होतं. प्रार्थनेत खाणं बरं नाही, हे तिला कळत होतं. पण इझाबेलचं बिस्किट. ते चावलं काय आणि नाही काय, आजवर कधी आवाज झालाय का? कोणाला कळणार पण नाही.

तिनं तोंडात घातलं आणि चावलं.

असा आवाज झाला, की एडवर्डची आई अर्ध्या शब्दावर थांबली. मागच्या चटईवरच्या बायका वळल्या. चंद्रहासांचे ओठ हलायचे थांबले. दारात व्हिन्सेंट होता तसाच उभा राहिला, त्याच्या मिशीखाली तोंड उघडं.

आणि भिंतीला टेकलेल्या फर्डिनंडनं डोळे उघडले.

"काय मोडलं गो?" त्यानं विचारलं.

रिटाला बोलता येत नव्हतं, तोंड भरलं होतं आणि डोळ्यातून धारा लागल्या होत्या. ती हसत होती की रडत होती, जवळ बसलेल्यांना पण सांगता यायचं नाही. तिनं दुसरा घास चावला. परत तोच आवाज. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पत्रा उचलला, पदराची चुंबळ केली आणि पत्रा डोक्यावर ठेवला.

"अगो वयनी," एडवर्डची आई म्हणाली, "दुखवट्यात ताट..."

"तुझ्याच घरापासून सुरू करते," रिटा म्हणाली. "चल, दार उघड जाऊन."

उंबऱ्यापलीकडे सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता. एका हातानं पत्रा धरून ती पायानंच त्यात आपल्या चपला शोधायला लागली.

"रिटा!" आतून फर्डिनंड ओरडला. "अगो रोजरी तरी संपू दे!"

"तुम्ही ऐका रोजरी," ती बाहेरून म्हणाली. "आज ऐकू येतंय ना तुम्हाला."